अकरा ठिपके

प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली तेव्हा आधी वाटलं, झाकणाला आतून वाफ धरली असेल. प्लेट तिरकी केली. वाफ असती तर ओघळली असती. हे ओघळलं नाही.

मग मागच्या बाजूने मार्करने एकेक टिंब देत मोजलं. अकरा. प्लेट फिरवून पुन्हा मोजलं. अकराच.

राखट पांढरे ठिपके, कोरडे, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पहिल्या दिवशी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन पुसटसे दिसले होते आणि मी ते कोणाला बोलले नव्हते. एक दिवस वाट बघू म्हटलं. घरी माझ्या तान्ह्या कावेरीचं अंग गरम लागलं तरी मी असंच करायचे. आधी हाताने बघायचे, मग गालाने, आणि थर्मामीटर शोधण्यात मुद्दाम वेळ काढायचे.

प्लेटच्या कडेला माझ्याच अक्षरात नंबर होता, सतरा. सतरा म्हणजे डब्याच्या पाठीमागची खोबण, जिथून तारांचा जुडगा आत जातो.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तळेगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची संस्था आहे आणि एका परदेशी अंतराळ मोहिमेतलं एक छोटं काम आमच्याकडे आलं होतं. गुरूच्या एका चंद्रावर कित्येक किलोमीटर जाड बर्फ आहे आणि त्या बर्फाखाली समुद्र आहे, खारा, काळोखातला, कोणीही न पाहिलेला. तिथे माणूस जाणार नव्हता. यानातून एक रोबो बर्फावर उतरणार होता, बर्फ वितळवणार होता आणि त्या पाण्याची चव घेऊन इकडे कळवणार होता, की यात काही जिवंत आहे का. चव घेणारं उपकरण आमचं. तीन खणी जेवणाच्या डब्याएवढं, म्हणून सगळे त्याला डबाच म्हणायचे.

आता त्या समुद्रात काही सापडलंच, तर ते तिथलं हवं, तळेगावहून गेलेलं नको. म्हणून डब्यावर आपल्याकडचे जिवाणू किती चालतील याला मर्यादा होती, फार कडक. ती पाळली जाते की नाही हे मोजणं माझं काम. ओल्या स्वॅबने डब्याचा ठरलेला भाग पुसायचा, स्वॅब नळीत टाकायचा, नळी पंधरा मिनिटं ऐंशी अंशाच्या पाण्यात ठेवायची. त्यात साधे जिवाणू मरतात. उरतात ते बीजाणू, म्हणजे स्वतःभोवती कवच करून निजलेले जिवाणू. ते एवढ्या उष्णतेने मरत नाहीत, स्पिरिटने मरत नाहीत, वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. नळीतलं पाणी प्लेटवर ओतलं की तीन दिवसांत एकेका बीजाणूचा एकेक ठिपका होतो आणि तो डोळ्यांना दिसतो.

प्रत्येक खेपेला एक स्वॅब आम्ही कशालाच लावत नाही. त्याच हाताने काढायचा, हवेत धरायचा, तसाच नळीत टाकायचा. त्याची कोरी प्लेट. घेणाऱ्याचा हात घाण असेल तर कोऱ्या प्लेटवरही ठिपके येणार.

कोरी प्लेट मी त्या सकाळी तीनदा पाहिली. आरशासारखी स्वच्छ होती.

दोन्ही प्लेटा घेऊन मी कारखानीस मॅडमकडे गेले. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. पंचावन्नच्या, खळ केलेल्या सुती साड्या नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. कावेरी तीन महिन्यांची असताना मी कामावर परतले ते त्यांच्यामुळेच. मी कंत्राटावर होते. एवढी रजा मिळाली हेच खूप होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की वर्षभर तरी घरी बस, आणि वर्षभर घरी बसलेल्या बाईला आमच्या क्षेत्रात कोणी परत घेत नाही हे मला ठाऊक होतं. मॅडमनी स्वतःच्या फ्रिजमधला अर्धा कप्पा माझ्या दुधाच्या बाटल्यांना दिला होता. सामानाच्या खोलीत बसून मी दूध काढायचे, तर त्या दाराला कडी बसवून घेतली होती त्यांनी, स्वतः सुताराच्या मागे लागून. डबा रवाना झाला की मला कायम करायचं असं त्यांनी वर कळवलंही होतं. ते एक झालं की मला कोणी घरी बस म्हणणार नव्हतं. मी दिवस मोजत होते.

मॅडमनी भिंग घेऊन सतरा नंबर बराच वेळ पाहिला.

"हा नमुना कुणी घेतला?"

"मीच."

"त्या दिवशी सकाळी बाळाला पाजून आली होतीस?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्या भिंगातून वर न बघता म्हणाल्या, "मी चौकशी म्हणून नाही विचारत, हर्षदा. अहवालात लिहावं लागेल."

मी सांगितलं. साडेसातला पाजलं, मग आंघोळ केली, नऊला सूट चढवून स्वच्छ खोलीत, डबा ठेवला होता तिथे, गेले. दुपारी दीड वाजता बाहेर येऊन दूध काढलं, पुन्हा हात-तोंड धुऊन नवा सूट घालून आत. सतरा नंबर अडीचला घेतला. त्या वेळा कागदावर लिहीत गेल्या. दीड आणि अडीच या दोन आकड्यांखाली रेघ मारली.

मी म्हटलं, कोरी प्लेट स्वच्छ आहे, मॅडम.

"एक कोरी प्लेट म्हणजे काही पुरावा नाही. एकदा लागतं, एकदा नाही लागत."

हे त्यांनीच मला शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट होतं. पण मला वाटलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हाच आलं होतं की मीच असेन. घरात दुपटी वाळत असायची, बाटल्या उकळत असायच्या, माझ्या केसांना धुरीचा वास असायचा. कावेरी झाल्यापासून मला सगळीकडे माझीच चूक दिसायची. ती जास्त झोपली तरी मी छातीवर हात ठेवून श्वास बघायचे, कमी झोपली तरी मी काय खाल्लं ते आठवत बसायचे.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. प्रकल्पाचे प्रमुख होते, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, मॅडम होत्या, मी, आणि पांचाळ काका.

दिगंबर पांचाळ आमच्या वर्कशॉपचे सगळ्यात जुने फिटर. डब्याचं टायटॅनियमचं कवच त्यांनी घडवलं होतं, चार वर्षं लावून. नकाशा करणाऱ्या पोरांनी चूक केली की काका बोटाने पत्रा चाचपून सांगायचे, इथं केसभर जास्त हाय. साताऱ्याकडचे. दिवाळीच्या आधी निवृत्त होणार होते आणि डबा हे त्यांचं शेवटचं काम. आत सूट, टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे. काका म्हणायचे, हितं आलं की माणूस नुसता डोळ्यांपुरता उरतो. मला ते पोरी म्हणत. कावेरी झाली तेव्हा उरलेल्या नायलॉनच्या कांडीतून लेथवर तिला खुळखुळा करून दिला होता, कुठेही शिवण नाही, धार नाही, बाळाने तोंडात घातला तरी काही नाही असा. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे की खोलीला रोज आत-बाहेर पुसणारी ही आपली पोरगी, हिच्यामुळं आपला डबा सोवळ्यात हाय.

सर म्हणाले, दोन वाटा आहेत. हे बीजाणू कुठून आले ते कळलं नाही, तर डबा पूर्ण उघडून भट्टीत भाजावा लागेल. त्यात तीन महिने जातील. परदेशी यानाची जुळणी तीन महिने थांबणार नाही. ग्रह कुठे असतील ते ठरलेलं आहे, ते आपल्यासाठी थांबत नाहीत. डबा राहून जाईल. दुसरी वाट, हे डब्याचं नाहीच, नमुना घेतानाच बिघडला, असं कारण सापडलं तर तो एक नमुना बाद करायचा आणि दुसरा घ्यायचा. चार-पाच दिवसांचं काम.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं म्हणजे बघायचं टाळायला लागले.

मी कोऱ्या प्लेटचं पुन्हा सांगितलं. सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, शक्यता नाकारता येत नाही.

तेव्हा काका बोलले. "मॅडम, राग मानू नका. मी तवाच म्हणलं हुतं तुमाला. अंगावर पाजती बाई हाय. दूध काय सांगून येतंय व्हय? तिची चूक न्हाई त्यात. निसर्ग हाय."

मला कामावर परत घेतलं तेव्हाच ते असं म्हणाले होते हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, अगदी मायेने.

"पोरी, तुझ्यावर आळ न्हाई घेत मी. पण असंल तर असंल म्हण. त्यात लाज कसली? चार वर्षं हाईत माझी त्यात."

अकरा वाजून गेले होते. कावेरीची पाजायची वेळ. ती तिकडे रडली की इकडे मला कळतं असं मी कधी कोणाला बोलले नाही, पण त्या क्षणी पान्हा फुटला आणि कुडत्यावर दोन्हीकडे ओल आली. मी फाईल छातीशी धरली. उशीर झाला होता. सर खिडकीबाहेर पाहू लागले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. काका मान खाली घालून टेबलावरची रेघ नखाने खरवडत राहिले. त्यानंतर कोरी प्लेट हा शब्द माझ्याही तोंडून निघाला नाही.

मॅडमनी मजकूर तयार ठेवला होता. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर, नमुना घेणारी व्यक्ती स्तनदा असून तिच्या शरीरामार्फत नमुना दूषित झाल्याची दाट शक्यता आहे, सबब सदर नमुना बाद धरावा. खाली माझं नाव आणि सहीची जागा. मॅडम म्हणाल्या, आज नको, उद्या दे, घरी विचार कर.

घरी संग्राम, माझा नवरा, म्हणाला, त्यात एवढं काय, कर सही, तुझी नोकरी तर राहते ना. चाकणच्या कारखान्यात त्याला रोज कोणाच्या तरी चुकीवर सही करायला लागायची. त्याला खरंच त्यात एवढं काय वाटलं नाही. सासूबाईंनी कावेरीला माझ्याकडे दिलं. ती भुकेली होती, मांडीवर येताच नाक घासायला लागली.

मी तिला परत सासूबाईंकडे दिलं आणि न्हाणीघरात गेले. लॅबमधून आणलेला साबण होता, शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर वापरतात तसला. त्याने छाती घासली. धुतलं, परत घासलं. कातडी चरचरायला लागली तरी मला ते ठिपके दिसत होते, राखट, कुरतडलेल्या कडांचे, माझ्या अंगावर. बाहेर कावेरी रडत होती. मी कपडे करून बाहेर आले आणि सासूबाईंना म्हटलं, आजपासून तिला वरचं दूध देऊ. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, पाचवा महिना आहे गं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.

बाटली तिने घेतली नाही. तोंड फिरवून माझ्या कुडत्याची कड तोंडात धरायला बघायची आणि मी ती सोडवून घ्यायचे. रात्री कधीतरी दमून तिने बाटली घेतली. ती पिताना माझ्याकडे बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती.

सकाळी मी सही केली.

दुसरा नमुना घ्यायला मला आत सोडलं नाही. मी काचेबाहेर उभी होते. तोवर खोबणीवर झाकण बसलं होतं, आठ स्क्रू आणि वर सील. ते काढायचं तर पुन्हा सगळं उघडणं आलं. म्हणून नमुना खोबणीतून न घेता झाकणावरून घेतला. हे मला काचेतून स्पष्ट दिसत होतं. मॅडमनाही दिसत होतं, त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तीन दिवसांनी प्लेट स्वच्छ निघाली. डबा तीन आवरणांत गुंडाळून विमानाने गेला. निघाला तेव्हा वर्कशॉपची सगळी माणसं फाटकापर्यंत गेली होती. पांचाळ काका गाडी वळेपर्यंत हात जोडून उभे होते.

नंतर आठवडाभराने, दिवाळी तोंडावर असताना, कँटीनमध्ये काकांचा निरोप समारंभ झाला. दुपारी चारची वेळ, बटाटेवडे, पेढे, शाल, नारळ. सर बोलले. मग सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा काका उभे राहिले. त्यांना माईक कसा धरावा कळेना; आधी तो उलटा धरला आणि सगळे हसले, तेही हसले.

म्हणाले, मला भाषण येत न्हाई. बापाकडनं हत्यार शिकलो, ते हत्यार चाळीस वर्षं चालवलं, तुमी चालवू दिलं. लेथची, मिलिंग मशीनची, गेलेल्या सोबत्यांची नावं घेतली. मग डब्याविषयी बोलायला लागले आणि त्यांचा आवाज बसला. 

"आता जाताना एक सांगतो. सरांनी कान धरला तरी चालंल, आता मी काय तुमचा नोकर न्हाई." पुन्हा हशा झाला. "आमच्यात खंडेनवमीला हत्यार पुजल्याबिगर ऱ्हात न्हाई. लेथ पुजतो, पटाशी पुजतो, साधा पाना पुजतो. मग डब्यानं काय पाप केलं? एवढा लांब जातोय, एकटा, माघारी येणार न्हाई. त्याला कोरा कसा जाऊ द्यायचा? मी आपलं हातमोज्यात पुडी नेली. मागल्या खोबणीत, कुणाला दिसणार न्हाई असं, बोटभर कुंकू टेकवलं आन दोन तांदूळ. लगीच स्पिरिटनं पुसूनबी घेतलं. नियम मला कळत्यात."

ते हसले. डोळे पुसले.

"तितं जाऊन कुणी इचारलं, बाबा, कुठला तू, तर सांगंल आता."

टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. माझ्या समोरचा ड्रॉइंगचा मुलगा उभा राहून वाजवत होता. सरही वाजवत होते, मान डोलावत. त्यांना काही कळलं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. ते धातूतले माणूस, जिवाणूंतले नव्हेत.

मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या हातात वड्याचा तुकडा होता. तो त्यांनी बशीत परत ठेवला, बोटं रुमालाला पुसली. आमच्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की हळदीत, कुंकवात, तांदळात हे बीजाणू मुठीमुठीने असतात, आणि ठिपक्यांच्या कडा कशा असतात तेही सांगितलं असतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग टाळ्या विरत आल्या असताना त्यांनीही हात उचलले आणि वाजवल्या, तीन-चारदा.

काका सगळ्यांना पेढा देत आमच्यापर्यंत आले. मला दोन दिले, एक कावेरीचा.

"पोरी, त्या दिवशी बोललो ते मनात ठिवू नको."

मी विचारलं, काका, खोबणीत नक्की कुठे?

त्यांना वाटलं, मला कौतुक आहे. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांची खोबण केली आणि उजव्या अंगठ्याने दाखवलं. "हितं. डाव्या अंगाला. तारा जात्यात त्याच्या वर."

स्वॅब मी तिथेच फिरवला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. काहीतरी लपवलेलं, निदान टाळलेलं, शोधत होते. तसं काहीही नव्हतं. कुंकवाने डबा बाटेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं, आणि माझ्यामुळे बाटला याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मी सरळ मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्या पाच मिनिटांनी आल्या, दार लावलं. माझ्याआधी त्याच बोलल्या.

"एका म्हाताऱ्या माणसाचं भाषण ऐकलंस तू. एवढंच झालंय."

"मॅडम, सतरा नंबर."

"कळलं मला."

"मग कळवू या त्यांना. अजून यानात बसवला नसेल. उघडतील, भाजतील."

"भाजणार नाहीत." त्या खुर्चीत बसल्या. "काढून ठेवतील. त्या जागी तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा बसवतील आणि यान जाईल. असंच करतात. मग कारण विचारतील. आपण काय लिहायचं? की भारतातून उपकरण हळदीकुंकू लावून आलं? पुढची वीस वर्षं आपल्याला कोणी स्क्रूसुद्धा करायला देणार नाही. आणि पांचाळांचं काय होईल, ते तू सांग."

मी म्हटलं, तिथे उद्या काही सापडलं तर?

त्यांनी खण उघडून एक लिफाफा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मला कायम केल्याचा आदेश होता, दोन दिवसांपूर्वीच्या तारखेचा. तो या भाषणाआधीच आला होता. त्यांनी शब्द पाळला होता. म्हणूनच मला तो हातात घेववेना.

"मॅडम, अहवालातला एक शब्द काढा. बाकी सगळं राहू द्या. माझ्याकडून चूक झाली, हात लागला, काहीही लिहा. तेवढा एक शब्द काढा."

"कोणता?"

"स्तनदा."

 मला वाटतं त्यांना वाईट वाटत होतं. सामानाच्या खोलीला कडी बसवून घेणारी तीच बाई होती ती.

"ते काढलं तर कारणच उरत नाही, हर्षदा. नुसता हात लागला तर कोरी प्लेट का स्वच्छ, असं ते विचारतील. या शब्दाला कोणी काही विचारलं नाही."

मी लिफाफा घेतला. पोचपावतीवर सही केली. घरी गेल्यावर कावेरीला मांडीवर घेतलं, दार लावून घेतलं आणि तिला पाजायला बघितलं. तिने दोन-चारदा ओढून पाहिलं. तोवर सगळं आटलं होतं. ती रडलीही नाही. हात लांब करून बाटलीकडे बघू लागली.

यान त्यानंतर तीन वर्षांनी उडालं. अजून वाटेत आहे. पांचाळ काका गेल्या वर्षी वारले, गावीच. वर्तमानपत्रात त्यांच्यावर छान लेख आला होता. कारखानीस मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या आणि त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते.

त्या अहवालानंतर आमच्या स्वच्छ खोलीच्या नियमावलीत एक कलम वाढलं. बाळंतपणानंतर बारा महिने, किंवा स्तनपान बंद होईपर्यंत, यांपैकी जे नंतरचं असेल तोवर, महिला कर्मचाऱ्यांना आत प्रवेश नाही. दुसऱ्या दोन संस्थांनीही ते कलम आमच्याकडून घेतलं. ते काढायचं म्हटलं तर ते का घातलं होतं ते आधी खोडावं लागेल, आणि डबा अजून पोचायचा आहे. मी दरवर्षी नियमावलीवर सही करते.

गेल्या सोमवारी नांदेडकडची एक मुलगी रुजू व्हायला आली. प्रज्ञा वाघमारे. विद्यापीठात पहिली आलेली, कंत्राटावर सहा महिन्यांसाठी, बाळ चार महिन्यांचं. नवऱ्याला सोबत घेऊन आली होती. तो बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसला होता. मी तिला ते कलम वाचून दाखवलं. म्हटलं, तोवर तुला बाहेर नोंदींचं काम देता येईल. सहा महिन्यांच्या कंत्राटात बाहेर नोंदी करत बसलं म्हणजे काय, ते तिलाही समजलं आणि मलाही माहीत होतं.

तिने विचारलं, "मॅडम, असं खरंच कधी झालं होतं का? म्हणजे दुधामुळे?"

"हो. नोंद आहे."

"कोण होत्या त्या?"

बाहेर बाळ किरकिरायला लागलं होतं. तिचं अर्धं लक्ष तिकडे गेलं आणि मी पाहिलं, तिने नकळत ओढणी पुढे घेतली.

"होती एक मुलगी," मी म्हटलं. "सोडून गेली."

आणि कागद तिच्याकडे फिरवून सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.